डीएसएलआर शूटिंगसाठी कमी खर्चात चांगला आवाज: माइकपासून सिंकपर्यंत

चित्र लख्ख आणि आवाज मात्र बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा. डीएसएलआरवर केलेल्या पहिल्यावहिल्या बहुतेक व्हिडिओंची हीच गत असते. डीएसएलआर मुळात फोटो काढायचा कॅमेरा. त्यात व्हिडिओ नंतर आला आणि आवाज तर अगदी शेवटी. निकॉनचा डी९० हा २००८ सालचा व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर. त्याला बाहेरचा माइक जोडायची सोयच नव्हती. आजही कॅमेऱ्याच्या अंगावर असतो तो टाचणीच्या टोकाएवढ्या भोकामागचा एक छोटा माइक. तो चारी बाजूंचे सारखेच ऐकतो. त्यात लेन्सच्या मोटरची कुरकुर येते, बोट फिरले तर तेही येते.

पण खरा दोष त्या माइकचा नाहीच. तो आहे अंतराचा.

आधी अंतर, मग खरेदी

आवाजाच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट केले की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. तोंडापासून ३० सेंटिमीटरवरचा माइक ६० वर नेला की ६ डेसिबल गेले, १.२ मीटरवर १२ आणि २.४ मीटरवर १८. खोलीतला घुमारा, पंख्याची घरघर आणि रस्त्यावरची गडबड मात्र दोन्ही जागी जवळपास तेवढीच राहते. म्हणजे माइक लांब नेल्यावर आवाज बारीक होतो एवढ्यावर भागत नाही, बोलण्याच्या मानाने कचरा वाढतो. मग गेन (रेकॉर्ड करताना माइकचा आवाज चढवायची पातळी) वाढवा किंवा एडिटिंगमध्ये आवाज चढवा, बोलणे आणि कचरा दोन्ही सारखेच चढतात.

म्हणूनच अडीच मीटरवरच्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेला महागडा शॉटगन माइक (मुख्यतः समोरचे ऐकणारा नळीसारखा माइक) छातीवर लावलेल्या स्वस्त कॉलर माइकपुढे हरतो. कॅमेऱ्यावर बसवायच्या माइकला अर्थ आहे तो बोलणारा हातभर ते फार तर मीटरभर अंतरावर असेल तेव्हाच, म्हणजे स्वतःकडे कॅमेरा धरून बोलताना वगैरे. मुलाखत, नाटुकले, शिकवणीचे व्हिडिओ यांसाठी कॅमेरा हवा तिथे ठेवा आणि माइक तोंडाजवळ न्या.

पैसे मोजकेच असतील तर खर्चाचा क्रम असा ठेवा: कान पूर्ण झाकणारा साधा हेडफोन, वायरचा कॉलर माइक, वेगळा रेकॉर्डर, बाहेर शूट करणार असाल तर केसाळ विंडशील्ड (वारा अडवणारे आवरण) आणि सगळ्यात शेवटी काठीवर लावायचा शॉटगन. बरेच जण नेमके उलटीकडून सुरू करतात. हेडफोन पहिला, कारण न ऐकता केलेले रेकॉर्डिंग म्हणजे डोळे मिटून केलेला फोकस.

कॅमेऱ्याला माइकची पिन आहे का?

माइक मागवण्याआधी कॅमेऱ्याच्या बाजूचे रबरी झाकण उघडून बघा. कॅनन ६००डी, ७००डी, २००डी आणि निकॉन डी३३००, डी५६०० यांना ३.५ मिलिमीटरचा माइक जॅक आहे. कॅनन १३००डी, १५००डी आणि निकॉन डी३४००, डी३५०० यांना तो नाही. नसेल तर कॅमेरा विकायची घाई करू नका. आवाज वेगळा रेकॉर्ड करून नंतर चित्राशी जुळवता येतो (यालाच सिंक म्हणतात), आणि अनेकदा तोच आवाज जास्त चांगला निघतो. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

जॅक असेल तर पिनेवरच्या काळ्या रेषा मोजा. दोन रेषा म्हणजे तीन भागांची पिन, टीआरएस. कॅमेऱ्याला हीच लागते. तीन रेषा म्हणजे चार भागांची, टीआरआरएस. ही फोनच्या हेडफोन जॅकसाठी असते. रोडचा स्मार्टलॅव्ह प्लस हा फोनसाठीचा माइक आहे. तो थेट कॅमेऱ्याला लावून चालत नाही, मध्ये टीआरआरएसचे टीआरएस करणारा छोटा ॲडॅप्टर लागतो. माइक खराब निघाला म्हणून परत करण्याआधी हे एकदा तपासा.

बोयाच्या बीवाय-एम१ची गोष्ट थोडी वेगळी. त्याची पिनही चार भागांचीच, पण वायरवरच्या डबीत कॅमेरा आणि फोन असा स्विच असतो आणि आत एलआर४४ चा बटन सेल. कॅमेऱ्याला लावताना स्विच कॅमेऱ्याकडे हवा आणि सेल चालू हवा. काम झाल्यावर स्विच परत फोनकडे सरकवला नाही तर सेल गुपचूप उतरत राहतो आणि पुढच्या शूटला माइक मुका होतो. एक जादा सेल बॅगेत कायम ठेवा. याची वायर सहा मीटर लांब आहे. उरलेली वायर गुंडाळून बोलणाऱ्याच्या मागे ठेवा, पायात येऊ देऊ नका.

बरेच छोटे माइक कॅमेऱ्याच्या जॅकमधूनच मिळणाऱ्या दोन-तीन व्होल्टवर चालतात, रोडचा व्हिडिओमायक्रो त्यातलाच. स्टुडिओतले एक्सएलआर (तीन पिनांच्या जाड प्लगचे) कंडेन्सर माइक ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या वायरीतूनच मिळणारी वीज मागतात. नुसती वायर बदलून ते कॅमेऱ्यावर चालणार नाहीत.

कॅमेऱ्यातली सेटिंग

१. डायल व्हिडिओवर न्या. बऱ्याच कॅमेऱ्यांत आवाजाचे मेनू त्याशिवाय दिसतच नाहीत.

२. साउंड रेकॉर्डिंग ऑटोवरून मॅन्युअलवर आणा. ऑटोमध्ये कॅमेरा शांतता पडली की गेन चढवतो आणि कोणी बोलू लागले की उतरवतो. त्यामुळे वाक्यांच्या मधल्या प्रत्येक विरामात सूंऽऽ असा आवाज वर येतो आणि पहिल्या शब्दाबरोबर दबतो. हा भरती-ओहोटीचा आवाज नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही.

३. कॅमेऱ्याची लेव्हल जमेल तितकी खाली ठेवा, पट्टीच्या साधारण तळच्या पाव भागात. डीएसएलआरमधले प्रीॲम्प (माइकचा बारीक आवाज चढवणारे भाग) स्वस्तातले असतात आणि त्यांना जितके राबवाल तितकी खरखर. माइकला किंवा मध्ये लावलेल्या रेकॉर्डरला स्वतःचा गेन असेल तर जोर तिथून घ्या. रोडच्या व्हिडिओमाइक प्रोवर मागे २० डेसिबलचा वाढीव गेन आहे, तो नेमका यासाठीच.

४. नेहमीच्या बोलण्यात मीटरचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास नाचू द्या. कॅननच्या मीटरवर १२ हा आकडा असतो, सर्वांत मोठ्या शब्दाला त्याच्या जरासे उजवीकडे गेले तर बिघडत नाही. शून्याला टेकला की आवाज फाटला, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही.

५. लेव्हल लावताना "एक दोन तीन, हॅलो" म्हणून घेऊ नका. ते सगळेच हळू म्हणतात. एखादा किस्सा सांगायला लावा, हसवा, संवादातले सगळ्यात चढे वाक्य म्हणवून घ्या.

६. शक्य तिथे फोकस मॅन्युअल करा आणि कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर लेन्सचे स्टॅबिलायझेशन बंद करा. दोन्हींच्या मोटरचा आवाज निदान कॅमेऱ्यावरच्या माइकमध्ये शिरतो.

जुन्या ५५०डीसारख्या कॅमेऱ्यात आवाजाची मॅन्युअल सोय नाही. तिथे मॅजिक लँटर्न हे कार्डवरून चालणारे मोफत सॉफ्टवेअर ऑटो गेन बंद करून देते. तो प्रकार कंपनीच्या वॉरंटीच्या चौकटीत बसत नाही, तेव्हा आपल्या जबाबदारीवर.

स्वस्त डीएसएलआरला हेडफोन लावायची जागा बहुधा नसते. मग प्रत्येक नव्या जागी वीस सेकंदांचे ट्रायल रेकॉर्डिंग करा, कार्ड लॅपटॉपला लावा आणि हेडफोनने ऐका. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या चिमुकल्या स्पीकरवर आवाज आहे की नाही एवढेच कळते, कसा आहे ते नाही.

कॉलर माइक कुठे लावायचा

हनुवटीपासून वीतभर खाली, छातीच्या मधोमध. त्याहून वर नेला तर हनुवटीच्या आडोशाला जाऊन आवाज बोदा येतो, आणि मान खाली-वर झाली की तो बदलत राहतो. बोलणारा सतत एकाच बाजूला बघणार असेल, जसे मुलाखतीत, तर माइक त्या बाजूला दोन बोटे सरकवा.

स्वस्त कॉलर माइक बहुतेक सगळे चारी दिशांनी ऐकणारे असतात. त्यामुळे माइकचे डोके खाली करून लावले तरी आवाजात फारसा फरक पडत नाही, उलट "प", "फ", "भ" यांच्या फुंकरीतून तो वाचतो. नाकाने जोरात श्वास सोडणाऱ्या वक्त्यासाठी हा उपाय आधी करून बघा.

वायर क्लिपच्या मागून घेऊन तिचा छोटा वेढा करा आणि तो क्लिपमध्येच अडकवा. खाली वायर ओढली गेली तर हिसका वेढ्यात जिरतो, माइकपर्यंत पोहोचत नाही. बाकीची वायर कपड्याच्या आतून कमरेकडे न्या. गळ्यातली माळ, ओढणी, जॅकेटची चेन यातले काही माइकला घासत नाही ना, ते बोलणाऱ्याला हात हलवायला सांगून हेडफोनमध्ये ऐका. सुती कपडा गप्प बसतो, नायलॉन आणि रेशीम खसखसतात.

माइक कपड्याआड लपवायचा असेल तर कापडी चिकटपट्टीचे दोन तुकडे समोशासारखे त्रिकोणी दुमडा, चिकट बाजू बाहेर. माइक दोन त्रिकोणांच्या मध्ये धरा, तोंड उघडे ठेवा. एक त्रिकोण कपड्याला, दुसरा अंगाला किंवा आतल्या कपड्याला चिकटवा. कपडा आणि माइक एकत्र हलले की घासणे थांबते.

माइकबरोबर आलेली स्पंजची टोपी घरातल्या फुंकरीपुरती असते. बाहेर जरा वारे असले की केसाळ आवरणच लागते. ते नसेल तर पाठ वाऱ्याकडे करून उभे राहा. वाऱ्याच्या दणक्याने माइकच दबून गेलेला असतो, तो आवाज नंतर साफ होत नाही.

आवाज वेगळा रेकॉर्ड करणे

झूम एच१एन, टास्कम डीआर-०५ यांसारखे हातात मावणारे रेकॉर्डर कुठल्याही स्वस्त डीएसएलआरपेक्षा स्वच्छ रेकॉर्ड करतात, आणि त्यांना हेडफोनची जागा असते. कॉलर माइक रेकॉर्डरला लावून तो बोलणाऱ्याच्या खिशात टाकता येतो. रेकॉर्डरही परवडत नसेल तर फोन वापरा. कॉलर माइक फोनला, फोन फ्लाइट मोडवर, वॅव्हमध्ये (आवाज न आकसता साठवणाऱ्या फाइलमध्ये) रेकॉर्ड करणारे ॲप सुरू, आणि फोन खिशात. फ्लाइट मोड विसरलात तर ऐन रंगात फोन वाजेल, किंवा नेटवर्क शोधतानाची टर्र-टर्र रेकॉर्डिंगमध्ये उतरेल. जॅक नसलेल्या फोनला टाइप-सी ॲडॅप्टर लागतो. त्यातले काही फक्त ऐकण्यापुरते असतात, माइक चालणारा बघून घ्या.

रेकॉर्डरवर वॅव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट निवडा. व्हिडिओचा आवाज ४८ वरच चालतो, ४४.१ हे संगीताच्या सीडीचे माप. स्टिरिओ असेल तर तासाला साधारण १ जीबी जागा जाते, म्हणजे कार्ड वाचवायला एमपी३ वापरण्यात काही हशील नाही. ऑटो लेव्हल बंद करा, लो-कट (खालची घरघर कापणारी सोय) असेल तर ८० हर्ट्झच्या आसपास चालू ठेवा. २४ बिटमध्ये लेव्हल थोडी खाली राहिली तरी नुकसान नसते, तेव्हा बोलण्याची शिखरे उणे १२ ते उणे १८ मध्ये ठेवून निर्धास्त राहा.

एक सापळा: झूम एच४एनसारख्या काही रेकॉर्डरवर बटण पहिल्यांदा दाबले की लाल दिवा नुसता लुकलुकतो. तो फक्त तयारीत असतो, रेकॉर्डिंग दुसऱ्यांदा दाबल्यावर सुरू होते. दिवा स्थिर आहे आणि सेकंदांचे आकडे पळताहेत, हे बघितल्याशिवाय खिशात टाकू नका. टाकण्याआधी होल्डची कळ सरकवा, नाहीतर बसताना बटण दाबले जाते.

रेकॉर्डरचा हेडफोन आउट कॅमेऱ्याच्या माइक जॅकला जोडून दोन्हीकडे आवाज घेता येतो, पण तो आवाज कॅमेऱ्याला फार जड जातो. कॅमेऱ्याची लेव्हल तळाच्या एक-दोन घरांवर आणि रेकॉर्डरचा आउट कमी, असे करूनही फाटत असेल तर आवाज २५ ते ४० डेसिबल उतरवणारी ॲटेन्युएटर वायर मध्ये लावा.

क्लॅप आणि सिंक

१. आधी रेकॉर्डर सुरू करा, मग कॅमेरा. कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज बंद ठेवू नका. तो वापरायचा नसला तरी जुळवायला तोच लागतो.

२. शॉटचा नंबर तोंडाने म्हणा.

३. बोलणाऱ्याच्या माइकजवळ, कॅमेऱ्याला तळवे स्पष्ट दिसतील अशी एकच खणखणीत टाळी वाजवा. तीन-चार टाळ्या वाजवल्या तर नंतर कुठली कुठली हे शोधत बसाल.

४. शॉट लांबला असेल तर शेवटीही एक टाळी.

५. टेकच्या मधे रेकॉर्डर थांबवू नका. वीस फायलींपेक्षा एक लांब फाइल सांभाळणे सोपे.

दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती, केडनलाइव्ह, प्रीमियर हे सगळे दोन्हीकडचे वेव्हफॉर्म (आवाजाच्या चढउताराचा आलेख) बघून आवाज आपोआप जुळवतात. जुळले नाही तर टाळीचे टोक आणि तळवे भिडल्याची फ्रेम समोरासमोर आणा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद. कॅमेरा १४ मीटरवर असेल तर त्याच्या माइकमध्ये टाळी २५ फ्रेमच्या हिशेबात अख्खी एक फ्रेम उशिरा पोहोचते. सॉफ्टवेअर दोन आवाज अचूक जुळवते आणि तरी ओठ किंचित चुकतात, ते अशा लांबच्या शॉटमध्ये. तिथे चित्रावर विश्वास ठेवा.

दुसरी अडचण सरकण्याची. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळे वेगवेगळ्या स्फटिकांवर चालतात. दोघांत दहा लाखांत ५० भागांचा फरक असला तर मिनिटाला ३ मिलिसेकंद साचतात, तासाभरात १८० मिलिसेकंद, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत साडेचार फ्रेम. सुरुवातीला चपखल बसलेले ओठ शेवटी डबिंग केल्यासारखे दिसतात. शेवटची टाळी इथे कामी येते: दोन टाळ्यांमधले अंतर दोन्हीकडे मोजा आणि आवाजाचा वेग तेवढ्या सूक्ष्म प्रमाणात बदला. नाहीतर दर दहा-पंधरा मिनिटांनी एखाद्या विरामात कापून पुन्हा जुळवा. बऱ्याच डीएसएलआर तशाही ३० मिनिटांच्या आत थांबतात, तेव्हा प्रत्येक नव्या क्लिपला नवी टाळी दिलीत तर हे दुखणे उद्भवतच नाही.

खोली

मोकळ्या खोलीत टाळी वाजवा. मागे टणत्कार किंवा थरथर ऐकू आली तर त्या खोलीला उपचार हवेत. तोंड आवाज पुढे फेकते, म्हणून सर्वांत जास्त फायदा बोलणाऱ्याच्या समोरची, म्हणजे कॅमेऱ्यामागची भिंत झाकण्यात आहे. जाड रजया, सतरंज्या, ब्लँकेट स्टँडवर किंवा दोरीवर टांगा, फरशीवर एक अंथरा. बोलणाऱ्याला भिंतीपासून मीटरभर पुढे आणा. अंड्यांच्या ट्रेने भिंत मढवण्यात वेळ घालवू नका, पुठ्ठ्याच्या त्या पातळ वाट्या बोलण्याचा घुमारा खात नाहीत.

पंखा, एसी, फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना गाडीची किंवा घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. किल्ली घेतल्याशिवाय निघता येत नाही आणि फ्रिज परत चालू करायची आठवण राहते. आवाजात सलग घूं असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून सगळे बॅटरीवर चालवा, दिव्यांचे डिमर बंद करा आणि माइकची वायर विजेच्या वायरीला समांतर पडलेली नाही ना ते बघा.

आवराआवरीच्या आधी सगळ्यांना आहे तिथे गप्प उभे करून खोलीची ४५ सेकंदांची शांतता रेकॉर्ड करा. संवाद कापल्यावर मधल्या फटीत ही शांतता भरली नाही तर प्रत्येक काप कानाला खड्ड्यासारखा लागतो. गोंगाट काढणाऱ्या सॉफ्टवेअरलाही नमुना म्हणून हीच लागते.

काठीवरचा माइक

कॉलर माइक लावता येत नसेल तर रंगाऱ्याच्या लांब दांड्याला माइक बांधा आणि तो फ्रेमच्या अगदी वरच्या कडेबाहेर, तोंडापासून साधारण ४५ सेंटिमीटरवर, वरून तिरका ओठांकडे रोखा. माइक आणि दांडा यांच्यात रबरी झोळीचा शॉकमाउंट हवाच, नाहीतर बोटांची प्रत्येक हालचाल ऐकू येते. घुमणाऱ्या लहान खोलीत लांब नळीचा शॉटगन टाळा. भिंतींवरून परतणारा आवाज त्याच्या नळीत बाजूने शिरतो आणि बोलणे पत्र्याच्या डब्यातले वाटते. तिथे दिव्याच्या स्टँडवर उलटा टांगलेला साधा रेकॉर्डरही बरा पडतो.

एडिटिंग

इथे हात आवरता घ्यावा. ८० हर्ट्झखालचे कापा. गोंगाट ६ ते ८ डेसिबलच कमी करा, जास्त केलात की आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो. बोदेपणा असेल तर २०० ते ४०० हर्ट्झमध्ये दोन-तीन डेसिबल उतरवा. ३:१ चा हलका कॉम्प्रेसर (मोठ्या-बारीक आवाजातला फरक कमी करणारा), शेवटी उणे १ वर लिमिटर (त्यापुढे आवाज जाऊ न देणारा). आवाज एकाच कानात येत असेल तर तो ट्रॅक मोनो करा, म्हणजे दोन्हीकडे येईल. यूट्यूबसाठी एकूण लाउडनेस उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाच्या मापाच्या) आसपास ठेवा. त्याहून मोठा आवाज यूट्यूब उतरवते, बारीक असेल तर चढवत नाही.

एखादे वाक्य हॉर्नने खाल्ले असेल तर ते एडिटिंगवर सोडू नका. कॅमेरा बंद करून, माइक तिथेच ठेवून, त्याच लयीत ते वाक्य तीनदा म्हणवून घ्या. त्यातले एखादे ओठांवर बसतेच. आणि रेकॉर्डरचे कार्ड, फायली दोन ठिकाणी उतरवून प्रत्येक शॉटचा सिंक तपासेपर्यंत फॉरमॅट करू नका.